पायाचा वाटा

लहानपणापासून आईची माझ्याबद्दल एकच तक्रार होती: हिच्या काही अंगी लागत नाही. मी खायची भरपूर. ज्वारीच्या दोन भाकरी, त्यावर शेंगाचटणी, वर दही, आणि हात धुतल्यावर पुन्हा डब्यात बोट घालून चटणी चाटायची. तरी हातपाय काड्या ते काड्याच. पाहुणे आले की आई मला पुढं ओढायची, दंड धरून दाखवायची आणि म्हणायची, "बगा की, खाती म्हशीवानी आन् अंगी लागंना. जातंय कुटं, द्येवालाच ठावं." मला त्याचा भयंकर संताप यायचा. खाल्लेलं कुठं जातं हे मला तरी काय माहीत! पण पुढं एक वर्ष असं आलं की आमच्या घरात हाच प्रश्न खराखुरा झाला, आणि त्याचं उत्तर आईनं तिच्या पद्धतीनं शोधून काढलं. ते उत्तर मी फारसं कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक हसतात, नाहीतर माझ्या पायाकडं बघतात. म्हणजे तो नाही तिथं बघतात.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती. आम्ही सोलापुरात, मागांच्या गल्लीत राहायचो. वडील एका चादरीच्या कारखान्यात सुताच्या गोदामावर होते. सूत काट्यावर तोलायचं आणि विणकरांना द्यायचं, हे त्यांचं काम. गाव वळसंग, तिथलं शेत चुलता आणि चुलती बघायचे. आई बार्शीकडची. मी नुकती कॉलेजात जायला लागले होते आणि डावा गुडघा दुखायला लागला. मुरगळला असेल म्हणून तेल लावलं, विटेनं शेकलं, बांधून ठेवला. दुखणं राहिलं बाजूला, गुडघ्याच्या खाली एक गाठ वर आली. शेवटी सरकारी दवाखान्यात फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडाला धरून बराच वेळ पाहिला आणि मला बाहेर बसायला सांगितलं. मी कुठली बसते. दाराआडच उभी राहिले. हाडाचा कॅन्सर आहे, पाय मांडीतून काढावा लागेल, असं ते म्हणाले. वडील म्हणाले, "काढायचा म्हंजी... किती दिवसांसाठी, सायेब?"

डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. ऐकायचंच नव्हतं मला. मी येऊन बाकावर बसले आणि दोन्ही पाय हलवून बघितले.

पाय काढला. त्याचं वर्णन करणार नाही; मला भूल दिली होती, आणि ज्यांना दिली नव्हती ते बोलले नाहीत. काढलेला पाय दवाखान्यानं वडिलांच्या ताब्यात दिला. आमच्यात माणूस गेला तर जाळत नाहीत, पुरतात. त्यामुळं पायाचं पुढं काय करायचं हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. वडिलांनी तो आपल्याच कारखान्याच्या चादरीत गुंडाळला, गाठोडं मांडीवर घेतलं आणि एसटीनं वळसंगला नेला. वाटेत कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्यात?" वडील म्हणाले, "घरचंच हाय." हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच सांगितलं की पाय वळसंगला गेला. आईच्या तोंडून ते असं यायचं की जणू पाय सुट्टीला गावी गेलाय आणि शाळा उघडली की येईल.

जखम भरल्यावर मुंबईला इंजेक्शनं सुरू झाली. तिथल्या मोठ्या दवाखान्यात जायचं, काही दिवस राहायचं, सुया घ्यायच्या, ओकत ओकत रेल्वेनं परत यायचं. पावसाळ्यात दोन खेपा झाल्या. केस गेले. तोंडात फोड आले, इतके की शेंगाचटणीचा नुसता वास आला तरी जीभ पेटायची. सोलापूरच्या पोरीला चटणी सोडायची म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला नाही कळायचं. पायापेक्षा मला तेव्हा चटणीचंच जास्त रडू यायचं, खरं सांगते.

तिसऱ्या खेपेला मुंबईचे डॉक्टर अडून बसले. वजन उतरलं होतं, रक्त उतरलं होतं. "अशा अंगात मी सुया देणार नाही," ते म्हणाले. "औषधच हिला संपवेल. आधी खाऊ घाला. वजन वाढवून आणा, मग बघू. पण फार उशीरही चालणार नाही." आणि त्यांनी एक भलीमोठी यादी दिली: दुधातून घ्यायची प्रथिनांची डब्यातली पावडर, रक्तवाढीचं लाल टॉनिक, खडूसारख्या कॅल्शियमच्या गोळ्या, जीवनसत्त्वाच्या पिवळ्या गोळ्या. वर आईला बजावलं, "हे आजारावरचं औषध नाही हं. गाठीला ह्यानं काही होत नाही. औषध सोसायला बळ लागतं, तेवढ्यासाठी हे."

"म्हंजी सुकडी," आई म्हणाली.

डॉक्टरांना सुकडी माहीत नव्हती. आईनं समजावून सांगितलं: दुष्काळात पोराबाळांना, खडी फोडणाऱ्या बायांना सरकार एक पिठाचा खाऊ द्यायचं, अंगात धुगधुगी राहावी म्हणून. डॉक्टर म्हणाले, "हो, तसंच." तेव्हापासून आमच्या घरात तो परदेशी दिसणारा डबा सुकडी झाला.

डॉक्टरांनी अंडी आणि मटणाचं सूपही सांगितलं होतं. आईनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आमच्या घरात अंड्याचं टरफल आलं असतं तरी तिनं उंबरा धुतला असता. शेजारची तेलुगू बाई, तिच्या घरी दोन माग होते, फार मायाळू. तिनं एके दिवशी भिंतीवरून डोकं काढून सल्ला दिला, "पायाचं सूप द्या हो पोरीला. बकरीचं पाय उकळायचं. पायाला लई ताकत येतंय." मी म्हटलं, "मावशी, कुठल्या पायाला?" बाई डोळ्यांना पदर लावून खाली बसली आणि मी मात्र पाय गेल्यापासून पहिल्यांदाच पोट धरून हसले. आई माझ्यावर चिडली. चिडली, पण तिचंही हसू फिसकन् फुटलंच.

मग माझं खाणं सुरू झालं. सकाळी सुकडी, मग खिमटी, मग भिजवलेली खारीक, मग डिंकाचा लाडू, दुपारी तूपभात, पुन्हा सुकडी. बार्शीच्या मामानं आपल्या आडतीच्या दुकानातून खारकांचं पोतंच पाठवलं होतं. बाळंतिणीचाही कुणी असा थाट केला नसेल. फोडांमुळं प्रत्येक घास जाळत जायचा, तरी मी गिळायची. काही बाहेर यायचं, पुष्कळसं आत राहायचं. आणि रविवारी कारखाना बंद असला की वडील मला सायकलवर बसवून गोदामात न्यायचे, सुताच्या काट्यावर.

तो काटा छताला टांगलेला होता. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात सुताच्या पेटीऐवजी मी. खाली चादर घालायचे, मला टोचू नये म्हणून. गोदामात सुताचा कोरडा वास, कोपऱ्यात अंधार, आणि पारडं जरा वेळ हलत राहायचं. वडील एकेक वजन काढून घ्यायचे. चढवायचे नाहीत, काढायचेच. पहिल्या रविवारी आईही आली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आजारी पडायच्या आधी होतं त्याच्या जवळपास वजन यायला हवं, पाय वजा करून.

"पाय वजा कसा करायचा?" आई म्हणाली. "पायाचं वजन कुणाला ठावं?"

वडील पटकन एक आकडा बोलून गेले.

आई त्यांच्याकडं बघत राहिली. "तुमाला कसं म्हाईत, वं?"

वडिलांनी हातातलं वजन जागेवर ठेवलं. "वळसंगला जाताना वाटंत हितं थांबलो हुतो," ते म्हणाले. एवढंच म्हणाले. मला खाली उतरवायला त्यांनी हात पुढं केले, पण माझं तिकडं लक्ष नव्हतं. मी पारड्याच्या साखळ्या घट्ट धरून बसले होते. मी बसले होते त्याच पारड्यात माझा पाय माझ्या आधी येऊन बसून गेला होता. तो एकटा. चादर त्याच्याही खाली होती की नव्हती, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

काढलेला पाय काही दिवस जाणवतो, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. अंगाला सवय असते, हळूहळू जाईल, म्हणाले. त्यांचं खोटं नव्हतं. पण मला जे जाणवायचं ते सवयीचं नव्हतं. आमच्या गल्लीत दिवसभर मागांची खटखट असायची. तिच्यातच आम्ही बोलायचो, झोपायचो, अभ्यास करायचो. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की सगळे माग एकदम थांबायचे. ऊन रस्त्यावर पांढरं पडलेलं, कुत्रं नाही, माणूस नाही, आणि ती शांतता. त्या शांततेत माझा पाय जागा व्हायचा. दुखायचा नाही. गार लागायचा. बोटांच्या मधे काहीतरी ओलसर, जड दाटलेलं असायचं. सोलापूर भाजत असायचं आणि मी गादीवर बसून म्हणायची, आई, पाय भिजलाय. आई गादी चाचपायची. गादी कोरडी.

आणि त्याला भूक लागायची. हे कसं सांगू? पोटात खड्डा पडतो, तसा तळपायात पडायचा. मी नुकतीच जेवून हात धुतलेला असायचा, पोट तट्ट, आणि तिकडं तो उपाशी. जेवणाचा घास खाली उतरताना मला वाटायचं, हा पोटात थांबतच नाहीये. सरळ पुढं चाललाय.

दसऱ्यानंतरच्या रविवारी वडिलांनी आणखी एक वजन काढून घेतलं. घरी आल्यावर आई सुकडीचा पेला घेऊन माझ्यासमोर बसली आणि पेला तसाच हातात धरून रडायला लागली. "एवढं घालतीया, एवढं घालतीया. अंगी लागंना. जातंय कुटं गं? कुणाच्या अंगी लागतंय?"

लहानपणापासून ऐकलेलं ते वाक्य, आणि ते आता, ह्या अवस्थेत. माझं टाळकंच फिरलं. "त्याच्या!" मी ओरडले. "पाय खातोय सगळं. तो बसलाय तिकडं वळसंगला उपाशी. आदी त्याला वाढ, मग माझ्याकडं ये!"

मी टोमणा मारला होता. आईनं तो टोमणा म्हणून घेतलाच नाही. तिचं रडणं थांबलं. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असा भाव आला की हिशेब जुळत नव्हता तो एकदाचा जुळला. तिनं पेला माझ्या हातात दिला, डोळे पुसले आणि शांतपणे भांडी घासायला गेली.

पुढच्या सोमवारी ती सकाळच्या एसटीनं वळसंगला गेली. शेतावर जाऊन येते म्हणाली. त्यानंतर दर सोमवारी जायला लागली. आईला शेताची कधी आवड नव्हती. बार्शीच्या बाजारपेठेत वाढलेली बाई ती, चिखलाला नाक मुरडायची. मी विचारलं तर म्हणायची, "हवा लागती जरा."

त्या पहिल्या सोमवारी दुपारी मी एकटी होते. माग थांबले. पाय जागा झाला. आणि अंगठ्याशेजारून काहीतरी कोमट ओघळलं. बोटांमधून तळव्याखाली गेलं, मुरलं. मी श्वास धरून बसले. ते पुन्हा आलं, थोडं थोडं, कुणी हात आवरून ओतावं तसं. मग तळपायातला तो खड्डा भरत गेला. मला इतकी गाढ झोप लागली की माग सुरू झालेले कळले नाहीत. संध्याकाळी उठले तर भूक लागलेली होती. पायाला नाही, पोटाला. किती दिवसांनी लागली होती, माझी मलाच गंमत वाटली. मी आईकडं भाकरी मागितली. आईनं ती वाढली, पण एका शब्दानं म्हणाली नाही की आज कसं काय.

हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. वेड लागलं म्हणतील ही भीती होती. आणि खरं सांगायचं तर, सांगितलं तर ते थांबेल हीही भीती होती.

खाणं आत राहायला लागलं. रविवारी वडिलांनी एक छोटं वजन परत चढवलं आणि काट्याच्या दांडीकडं बघत राहिले. पुढच्या रविवारी अजून एक. सुकडीचा डबा मात्र लवकर संपायला लागला. वडील म्हणायचे, गेला डबा पुरला होता, हा कसा पुरला नाही? आई म्हणायची, पोरगी आता जास्त पिती. मी तेवढंच पीत होते.

दिवाळीच्या सुमारास माझ्या ताटात एक नवीनच पदार्थ आला: हिरवा भुगा. वाळवलेल्या पाल्याचा, कडसर. आई तो भाताखाली लपवायची, पिठल्यात घालायची, पुढं पुढं उघड चमच्यानं द्यायला लागली. "कसला गं हा?" "पाला हाय. हाडाला बरा." लाल टॉनिक चालू, गोळ्या चालू, वर हा. कडू होता, पण घशाखाली गेला की बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, मी तो मागून घ्यायला लागले.

येळवस आली. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अवसेला सगळे शेतात जातात, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून पूजा मांडतात, भाज्या-डाळी एकत्र शिजवलेली भज्जी आणि ताकातली आंबील खातात, आणि त्याआधी शेताच्या कडेनं आंबील शिंपत जातात. शेतालाही त्याचा वाटा, म्हणून. त्या वर्षी मला नेऊ नये असं आईचं म्हणणं होतं. मीच हट्ट केला. दोन दिवसांनी मुंबईला जायचं होतं, वजनाला अजून थोडंसं कमी पडत होतं, आणि डॉक्टरांनी ह्या वेळी नाही म्हटलं तर काय, हे घरात कुणी बोलत नव्हतं. मला त्या न बोलण्यातून बाहेर पडायचं होतं. वडिलांनी मला बैलगाडीतून शेतापर्यंत आणलं आणि कोपीसमोर चादरीवर बसवलं.

दुपारचं ऊन. शेतात हुरड्याला आलेली ज्वारी, वारा नाही. चुलती हातात आंबिलीचं मडकं घेऊन माझ्या बाजूनं गेली. ती वळसंगचीच, अर्धं कानडी बोलणारी. जाता जाता म्हणाली, "ऊटा आतेनु?" म्हणजे जेवण झालं का. मी म्हटलं, "अजून न्हाई, काकी."

"तुला न्हवं गं," चुलती म्हणाली. "त्येला इचारतीया." आणि तिनं बांधाकडं बोट केलं.

बांधावर एक शेवगा उभा होता. कोवळा, माझ्यापेक्षा थोडा उंच. बुडाशी दगडांचं आळं, आळ्यात पांढरट वाळलेले थर, एकावर एक. चुन्यासारखे दिसत होते. आई तिथं पाठमोरी उभी होती. तिनं तांब्यातून काहीतरी आळ्यात ओतलं, हात आवरून, थोडं थोडं. आणि माझ्या पायाच्या बोटांमधून कोमट धार गेली.

मी किंचाळले असेन. कारण सगळे धावत आले. आईनं वळून पाहिलं, तांब्या खाली ठेवला. तिच्या दुसऱ्या हातानं पदराची ओटी धरली होती.

"सुकडी हाय का ती?" मी म्हटलं. "माझा डबा हितं ओततीस तू? मला वजन भरंना आन् तू मातीत ओततीस?"

"त्येचा वाटा," आई म्हणाली. "तूच म्हनली हुतीस की. आदी त्येला वाढ."

"रागात म्हणलं हुतं मी!"

"रागात का हुईना. खरं निगालं."

पाय पुरला तेव्हा कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड ठेवले होते, आणि खूण असावी म्हणून चुलत्यानं शेवग्याची एक फांदी खोचली होती. दारात शेवगा कुणी लावत नाही, अपशकुनी म्हणतात. पण बांधाला काय. फांदी पावसावर धरली आणि सुकडीवर फोफावली. हे मला चुलती सांगत होती, कौतुकानं. मी ऐकत नव्हते. मी आईच्या ओटीकडं बघत होते. ओटीत शेवग्याचा पाला होता, ताजा, ओरबाडलेला. डहाळ्या निम्म्या उघड्या पडल्या होत्या.

"तो भुगा," मी म्हटलं.

"मंग?" आई म्हणाली. "बाजारातला आनू व्हय? दुसऱ्याचं तुज्या अंगी कसं लागंल? तुजं हाय. तुलाच लागनार."

मला मळमळलं. इंजेक्शनांनी ओकून ओकून मी त्यात तरबेज झाले होते, पण त्या दिवशी काही बाहेर आलं नाही. आत गेलेलं आतच बसून राहिलं. ज्या बाईनं अंडं घरात येऊ दिलं नाही, तिनं मला दिवाळीपासून हे खाऊ घातलं होतं. आणि मी मागून घेतलं होतं.

चुलतीनं पानं वाढली. माझ्या ताटात भज्जी, आंबील, आणि कडेला तो हिरवा भुगा. मी ताट लोटून दिलं. म्हटलं, मी जेवणार नाही. इथंच नाही, कुठंच नाही. वडील उठून दूर जाऊन उभे राहिले. आई माझ्यासमोर उकिडवी बसली. तिनं ताट पुन्हा माझ्यापुढं सरकवलं, आणि ती अजिबात चिडली नाही. त्याचीच मला भीती वाटली.

"न्हाय खाल्लंस तर वजन भरनार न्हाय," ती म्हणाली. "वजन न्हाय भरलं तर डाक्टर सुया देनार न्हाय. मंग तुला हितं आनावं लागंल. त्येच्या शेजारी. जागा हाय. मी बगून ठिवलीया."

एवढं बोलून तिनं शेवग्याच्या पलीकडं पाहिलं. मीही पाहिलं. तिथं बांधालगत जमिनीचा एक तुकडा होता, स्वच्छ, तण काढलेला. माणूस आडवा मावेल एवढा.

दर सोमवारी ही बाई इथं येऊन आधी पायाला वाढत होती आणि मग त्या तुकड्यापाशी उभी राहत होती. तिथलं तण ती हातानं काढत होती. हे एकदम माझ्या ध्यानात आलं, आणि माझा राग जागच्या जागी विझला. मला तिची इतकी दया आली, इतकी माया आली, की कॅन्सर झाल्याचं कळलं तेव्हासुद्धा मी अशी रडले नव्हते. मी ताट ओढून घेतलं. आधी एक घास काढून मी आईच्या हातावर ठेवला आणि बांधाकडं मान केली. ती उठली, तो आळ्यात ठेवून आली. मग मी जेवले. भुगा सगळा संपवला. बोट फिरवून ताट चाटलं.

मुंबईला वजन भरलं. जेमतेम, पण भरलं. डॉक्टर खूश झाले, काय काय खाऊ घातलंत म्हणून विचारलं. आईनं त्यांना पुडी उघडून दाखवली, कारण त्यांनी बजावलं होतं, नवीन काही सुरू केलं तर आधी मला सांगा. त्यांनी चिमूटभर हातावर घेऊन वास घेतला. "शेवगा! चांगला असतो. द्या, पण माझ्या गोळ्या आणि पावडर बंद करू नका. कुठून आणता?"

"घरचाच हाय," आई म्हणाली. वडील खिडकीबाहेर बघायला लागले.

सुया झाल्या. त्याही खेपेला झाल्या, पुढच्याही झाल्या. पाल्यानं मी वाचले असं मी म्हणणार नाही. मी शिकलेली बाई आहे, पुढं तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. ऑपरेशननं वाचले, इंजेक्शनांनी वाचले, नशीबही असेल. ते सगळं सोसायला अंगात बळ होतं, आणि बळ खाण्यातून येतं. खाणं अंगी का लागायला लागलं, एवढंच मला शिकवता येणार नाही.

आई सोमवारी जात राहिली. सुकडी बंद झाली, मग साधं दूध नेऊ लागली. माझं लग्न झालं नाही, नोकरी झाली, जुळे सोलापूरच्या नव्या वस्तीत फ्लॅट झाला, आई माझ्याकडं राहायला आली, तरी तिची सोमवारची वळसंगची एसटी चुकली नाही. दुपारी शाळेत फळ्यासमोर उभी असताना बोटांमधून कोमट धार जायची आणि मला कळायचं, आई पोचली. शेवटी तिचे गुडघे गेले, जाणं थांबलं. मग मात्र पायाला पुन्हा भूक लागायला लागली. मी आईला सांगितलं नाही. पण ती माझ्या तोंडाकडं बघून ओळखायची आणि म्हणायची, "जरा दम काड म्हणावं त्येला. येतीया मी."

आई गेली तेव्हा तिला वळसंगला नेलं. जागा कुणी विचारली नाही. चुलत्याच्या मुलांनाही ती ठाऊक होती. शेवग्याच्या पलीकडचा तो तुकडा, जो तिनं माझ्यासाठी मोकळा ठेवला होता, तिथं आम्ही तिला ठेवलं.

आता मागही फारसे राहिले नाहीत आणि दुपारची तशी शांतताही पडत नाही. तरी त्या वेळेला जेवताना माझा हात घासासकट थांबतो आणि मी वाट बघते. पाय गार लागत नाही. भूक तर आईला तिथं ठेवलं त्या दिवसापासून एकदाही लागलेली नाही. तिथं आता त्याला वाढणारं माणूस आहे.